चार नंबरचं आलं

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला पहिली नोकरी लागली ती गडमुडशिंगीच्या एका कोंबड्यांच्या शेडमध्ये. कोंबड्या माझ्या वर्षभर आधीच निघून गेल्या होत्या, त्यांचा वास तेवढा जायचा राहिला होता. दारावर नवी पाटी होती, 'आंतरराष्ट्रीय दर्जाची ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा', आणि पाटीखाली दिवाणसर उभे होते. दिवाणसर म्हणजे कॉलेजातून मुदतीआधीच निवृत्ती घेतलेले प्राध्यापक. ते परदेशात सहा आठवडे राहून आले होते आणि उरलेलं आयुष्य त्या सहा आठवड्यांवर काढायचं त्यांनी ठरवलं होतं. "मिस सुमन," पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "इथे आपण निसर्गाच्या चुका दुरुस्त करणार आहोत." तेवढ्यात वाऱ्याने पत्रा खडखडला आणि वरून एक वाळकं पीस गिरक्या घेत सरांच्या खांद्यावर येऊन बसलं. मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण मी तेवीस वर्षांची होते आणि मला पांढरा कोट मिळाला होता.

घर आमचं कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, अप्पांच्या भुसारी दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांचं. सकाळी जाग यायची ती शेजारच्या तालमीतल्या जोर-बैठकांच्या धपधपीने. त्यानंतर अप्पा दुकानाच्या फळ्या काढून एकावर एक टाकायचे, तो आवाज. आणि मॅचच्या दिवशी तर आवाजाचा विषयच नको. आपल्या टीमने गोल मारला तरी फटाके आणि समोरच्या टीमने मारला तरी शिव्यांचे फटाके. आम्ही लिंगायत. रविवारी सगळ्या पेठेत तांबड्या रश्श्याचा वास सुटायचा आणि आमच्या घरात झुणका, शेंगाची चटणी, ज्वारीची भाकरी आणि तोंडावर संयम. अव्वा, म्हणजे माझी आई, निपाणीकडची. एरवी मराठी बोलायची, पण राग आला की ती कन्नडात जायची आणि अप्पा खाली दुकानात जायचे. तिला दोनच गोष्टींचा गर्व होता, एक तिच्या भाकरीचा पापुद्रा आणि दुसरा तिचा आल्याचा चहा. तिच्या चहाने सर्दी पळते असं सगळी गल्ली म्हणायची. त्यामुळे तिची लेक आल्याचं संशोधन करते हे कळल्यावर तिला आनंदच झाला. फक्त आल्यात संशोधन करण्यासारखं राहिलंय काय, हे तिला कळत नव्हतं. "किसायचं आणि घालायचं. त्याला एमेस्सी कशाला लागती गं?"

लागते, त्याचं कारण असं. आल्याला फुलं आली तरी बी धरत नाही. गड्ड्याचा तुकडा मोडून लावायचा, त्याचाच पुन्हा गड्डा. म्हणजे आजोबांनी लावलेलं आणि नातवाने लावलेलं आलं एकच. बी नाही म्हणजे संकर नाही, आणि संकर नाही म्हणजे नवी जात काढायचा रस्ताच बंद. त्यातून आल्याला कंदकूज लागली की गड्डा आतून पाणी होतो आणि आठ दिवसांत सगळी सरी पिवळी पडते. ऊतिसंवर्धनाचा, म्हणजे बाटलीतल्या शेतीचा, उपयोग इथे होता. कोंबाचा एक कण घेऊन जॅमच्या बाटलीत, पोषणाच्या थरावर ठेवायचा. त्याच्या पेशी वाढून आधी नुसता बिनआकाराचा गोळा होतो आणि मग त्या गोळ्यातून रोपं फुटतात. गंमत ही की एकाच कणापासून निघालेली असली तरी त्यांतली काही रोपं भावंडांसारखी निपजत नाहीत. एखादं बुटकं, एखादं रुंद पानांचं, एखादं भलतंच. मी त्यांना वांड रोपं म्हणायची. सगळ्या प्रयोगशाळा असली रोपं उचलून फेकून देतात, कारण गिऱ्हाइकाला हजार रोपं एकसारखी हवी असतात. दिवाणसर म्हणाले, फेकायचं नाही. या वांडांतच एखादं कंदकूज न लागणारं निघेल, ते शोधायचं. आज त्यांच्यावर इतकी वर्षं हसून झाल्यावरही मला कबूल करावं लागतं की ती कल्पना खरी होती आणि मोठी होती. माणूस तेवढा कल्पनेच्या मापाचा नव्हता.

रोपं झाली. आता त्यांना रोग लावायचा तर रोगट जमीन हवी. मला वाटलं, यात काय अवघड आहे? मी सायकल काढली आणि आलं लावणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन, "तुमचं सगळ्यांत वाईट रान दाखवता का?" असं विचारत सुटले. एखाद्याला त्याच्या पोरीतलं व्यंग विचारावं तशी माणसं माझ्याकडे बघायची. "आमच्या रानात रोग? कुनी सांगितलं तुम्हास्नी, म्याडम? रोग हाय त्यो त्या पल्याडच्या बांधाला." पल्याडच्या बांधाला गेले की तो अल्याडच्याकडे बोट करी. एकाने तर मला चहा पाजला, त्याचं उत्तमातलं उत्तम रान फिरून दाखवलं आणि वर विचारलं, "लगीन ठरलंय का?" अख्ख्या शिवारात कंदकुजीने धिंगाणा घातला होता आणि एकाच्याही रानात कंदकूज नव्हती.

शेवटी चिगव्वा कामाला आली. चिगव्वा म्हणजे अव्वाची धाकटी बहीण. गडमुडशिंगीतच दिलेली, नवरा एका कारखान्यात नोकरीला, म्हशी आणि रान सगळं तिच्याच अंगावर. मी भीतभीतच तिला विचारलं. तिने शेणाचे हात बादलीत धुतले आणि म्हणाली, "व्हय, हाय की माझ्या रानात रोग. इहिरीच्या अंगाचा कोपरा. दोन साल लावती, दोन साल कुजतंय. तुला किती रोग पायजेल?"

"जेवढा असेल तेवढा," मी म्हटलं.

"मग बराबर जागी आलीस."

त्या कोपऱ्यात मी दोनशेच्या आसपास रोपं लावली, प्रत्येकाला नंबर देऊन, आणि पाऊस लागल्यावर ती मरायला लागली. मी रोज जायची, पिवळं पडलेलं रोप उपटायची, नाकाला लावून कुजकट वास आला की वहीत फुली मारायची. फुली मारताना मला बरं वाटायचं, कारण जेवढी मरतील तेवढं जे उरेल ते खरं. पण बांधावरून बघणाऱ्यांना एवढंच दिसायचं की चिगव्वाची शिकलेली भाची रोज येऊन मेलेली रोपं मोजते आणि खुशीत घरी जाते. "डॉक्टरला दावा," असं दोघीतिघींनी चिगव्वाला सुचवलं होतं. पहिल्या वर्षी तीसेक जगली, पण बाटलीतल्या रोपांना पहिल्या खेपेला करंगळीएवढेच गड्डे येतात, म्हणून तेच गड्डे पुढच्या वर्षी पुन्हा त्याच कोपऱ्यात लावले. दुसरा पावसाळा संपला तेव्हा नऊ उरली होती. नऊ! मी चिकटलेल्या मातीसकट ते गड्डे ओच्यात घेतले आणि चिगव्वाच्या विहिरीवर बसून रडले. चिगव्वाला वाटलं, सगळीच मेली. ती म्हणाली, "जाऊ दे की, हुतंय असं. पुढल्या साली वांगी लावू."

उरलेल्या नऊ गड्ड्यांना मी एक ते नऊ असे नवे नंबर दिले, त्यांत चार नंबरचा म्हणजे राजा होता. तळहाताएवढा, पिवळाधमक, बोटं अशी भरलेली की बघत राहावं. दिवाणसरांनी तो उचलला, फिरवला, नाकावरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच जागी त्याला 'दिवाणकांती' असं नाव दिलं. लावणीच्या आधी शेतकरी मेळावा घेऊन वाण जाहीर करायचं आणि बाटलीत वाढवून द्यायच्या रोपांची मागणी नोंदवून घ्यायची, असं ठरलं. पत्रकं छापायला गेली. तोवर बेणं थंड जागी वाळूत ठेवायला हवं, आणि आमच्या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पत्र्याखाली मार्चमध्ये अंडीसुद्धा आपोआप उबली असती. म्हणून नऊ गड्डे नऊ मडक्यांत घालून, नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवून आमच्या माडीवर आले आणि देवाच्या कोनाड्याखाली, गारव्याला बसले. अव्वाला मी तीन वेळा बजावलं. ती तिन्ही वेळा "व्हय" म्हणाली. अव्वाचं "व्हय" म्हणजे ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं, याला शिक्षण म्हणतात.

त्याच आठवड्यात मला बघायला गडहिंग्लजहून पावणे यायचे होते. मुलगा बँकेत, सोबत त्याचे वडील आणि आज्जी. पाच वाजता येणार म्हणून निरोप होता, ते चारलाच आले. घरात एकच पळापळ. अप्पांनी सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात घातली. अव्वाने उप्पिटाला फोडणी टाकली, मला साडी नेसायला पिटाळलं आणि चहाचं आधण ठेवलं. मी पदर सावरत ट्रे घेऊन बाहेर आले, कप दिले आणि ठरल्याप्रमाणे सतरंजीकडे बघत उभी राहिले. आज्जींनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि बशी खाली ठेवली.

"चहा ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "पर आलं घालायचं न्हाईत वाटतं तुमच्यात?"

असलं वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. अव्वा स्वयंपाकाच्या दारात आली. "घातलंय की! चांगला अर्धा गड्डा किसून घातलाय."

घरातलं आलं संपलं होतं आणि दुकानात नुसती सुंठ होती, हे मला माहीत होतं. मी सतरंजीवरून नजर उचलली. "कुठलं आलं, अव्वा?"

"त्या मडक्यातलं. चार नंबरचं. मोठं हुतं म्हणून घेतलं," अव्वा म्हणाली, आणि माझं तोंड बघून वर पुढे, "एवढा ढीग पडलाय घरात, आणि पावण्यांस्नी काय बिनआल्याचा चहा द्यायचा?"

खरं सांगते, माझ्या कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं. दोन पावसाळे, दोनशे फुल्या, आणि राजाचा अर्धा देह पातेल्यात. ओरडणारच होते. पण तोंड उघडलं आणि आज्जींचं वाक्य आत पोचलं. अर्धा गड्डा घातलाय, आणि आलं घातलंय हेच कळत नाहीये. मी ट्रे खाली ठेवला आणि आज्जींच्या पुढ्यात मांडी घालून बसले. "आज्जी, नीट सांगा. अजिबात लागत नाही, का जरासं लागतंय?"

आज्जी मागे सरकल्या. "ऱ्हाऊ दे की बाळ. चहा चांगलाच हाय."

"तसं नाही, आणखी एक घोट घ्या ना. गिळला की घशात काही राहतं का बघा."

मुलगा भला होता. तो मध्ये पडला. "मला तसं थोडं जाणवतंय," तो म्हणाला.

"कुठे जाणवतंय? जिभेच्या शेंड्याला का घशात?"

त्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी आपल्या गुंडीकडे पाहिलं. मी तोवर कोनाड्यातली वही आणून त्यांची उत्तरं लिहून घ्यायला लागले होते. पावण्यांनी उप्पीट अर्धंच ठेवलं आणि शेवटची एसटी गाठायची म्हणून ते उठले. शेवटच्या एसटीला तेव्हा अजून तीन तास होते. पुढे निरोप आला नाही. त्या मुलाला छान बायको मिळाली, असं नंतर कानावर आलं. तिने त्याला घशाबद्दल काही विचारलं नसावं.

पावणे जिना उतरले तशी अव्वा कन्नडात गेली आणि अप्पा दुकानात गेले. मी तिला बोलू दिलं. ती दमल्यावर नऊही मडकी पुढे ओढली, एकेका गड्ड्याची नखाएवढी चकती कापली आणि तिच्या हातावर ठेवली. "चावून सांग," म्हटलं. आधी ती रागाने चावली, नंतर लक्ष देऊन चावायला लागली. मधे मधे ताकाची चूळ भरत होती, तेही तिचं तिलाच सुचलं. एक नंबर मातकट. तीन कडसर. चार नंबर तिने दोनदा मागून घेतलं आणि म्हणाली, "ह्ये आलं न्हवं गं. ह्ये बटाट्यानं आल्याचं सोंग घेतलंय." पाच, सहा बरे. सात नंबर म्हणजे नवांतलं सगळ्यांत किडकिडीत, वाकडं, बोटभर. ते तिने दाताखाली धरलं आणि बोलायची थांबली. डोळ्यांतून पाणी, एक उचकी, मग मांडीवर थाप. "इदु शुंठी!" म्हणजे हे आलं. तेव्हा मी वही उघडून बघितली. उंची, पानं, फुटवे, वजन, रोग, सगळ्यांचे रकाने आखलेले. चवीचा रकाना नव्हता. दोन वर्षांत मी त्या आल्याचा एक तुकडा तोंडात टाकला नव्हता. बेणं वाचवत होते ना मी! सरांवर हसायचा माझा हक्क त्या दिवशी निम्म्याने कमी झाला.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "सुमन, चव ही व्यक्तिसापेक्ष गोष्ट आहे," ते म्हणाले.

"सर, नवऱ्यामुलाची आज्जी आणि माझी आई यांचं दुसऱ्या कशावरही एकमत झालं नसतं. यावर झालं."

"आपण निवड रोगासाठी केली. चवीसाठी केलीच नव्हती."

"तेच म्हणते मी, सर."

"शेतकरी आलं विकतो, सुमन. खात नाही." आणि त्यांनी मला छापून आलेलं पत्रक दाखवलं. त्यावर चार नंबरच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'झणझणीत भविष्य'.

मेळावा शेडच्या अंगणात झाला. मांडव, माईक, आणि एका ताटलीत लाल मखमलीवर हार घातलेला चार नंबरचा उरलेला अर्धा गड्डा, कापलेली बाजू मागे करून. समोर शंभरेक माणसं, पुढच्या रांगेत चिगव्वा नवं लुगडं नेसून. सर अर्धा तास बोलले, त्यांतली वीस मिनिटं परदेशात होते. मग पाच मिनिटं मला दिली. सरांनी लिहून दिलेला कागद माझ्या हातात होता. नोकरी जाणार हे कळत होतं, आणि पेठेत 'लग्नही मोडलं आणि नोकरीही गेली' हे एकाच दमात म्हणायला लोकांना किती सोपं जाईल, तेही डोळ्यांसमोर होतं. पण समोर बसलेली माणसं हे आलं लावणार, बाजारात नेणार, आणि गिऱ्हाईक एकदा नेऊन दुसऱ्यांदा येणार नाही. मी कागदाची घडी केली. "हे आलं कुजत नाही," मी म्हणाले, "हे मी स्वतः बघितलंय. पण याला चव नाही. अजून दोन वर्षं द्या, यातलंच चांगलं निवडून देते. आज हे लावू नका."

मांडवात मागून एक आवाज आला, "चव न्हाई म्हंजे किती न्हाई?" आणि कोल्हापुरात अशा प्रश्नाचा निकाल चर्चेने लागत नाही. पहिला माणूस उठला, ताटलीजवळ आला, गड्ड्याचं एक बोट मोडून तोंडात टाकलं, चावलं. "आयला, खरंच की." मग दुसरा. मग रांगच लागली. "वांग्यात घालाया बरं हाय." "तान्ह्या पोराला द्यावं, रडायचं न्हाई." दहा मिनिटांत मखमलीवर नुसता हार उरला. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना चाखायलाही तुकडा राहिला नाही. शेवटचं टोक सरांनी स्वतः उचललं. मी बघत होते. त्यांनी ते सावकाश चावलं, गिळलं आणि बराच वेळ मांडवाच्या कापडाकडे बघत राहिले. त्या वेळी मला त्यांच्यावर हसू आलं नाही.

माणसं पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. "मला आधी सांगायचंस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं, सर."

"जोरात सांगायचं होतंस."

पुढच्या महिन्यात त्यांनी केळीची रोपं करायला घेतली, सगळी एकसारखी, एकही वांड नको. माझी गरज उरली नाही, असं त्यांनी फार सभ्य भाषेत सांगितलं. जाताना मी मडकी मागितली. "घेऊन जा," ते म्हणाले, "सात नंबरला वजन येत नाही. कुणी लावणार नाही ते." मी सात नंबर चिगव्वाला नेऊन दिलं. तिने ते त्याच रोगट कोपऱ्यात लावलं आणि ते मेलं नाही. पुढे तिने शेजारणीला दिलं, शेजारणीने माहेरी नेलं. कागदावर त्याला कधीच नाव मिळालं नाही. मी एका कॉलेजात शिकवायला लागले आणि तीसेक वर्षं मुलांना निवडीचे रकाने आखायला शिकवलं, चवीच्या रकान्यासह. चिगव्वा गेली. अव्वा गेली. दिवाणसरही गेले, त्यांच्याकडे मी भेटायला जायची, आणि मी केलेला चहा ते न बोलता दोन कप प्यायचे.

परवा पन्हाळ्याला जाताना रस्त्याकडेला एक टपरीवजा दुकान दिसलं, 'शुद्ध गावरान'. मालक तिशीतला, कपाळाला टिळा, बोलायला फर्डा. किडकिडीत, वाकड्या, बोटभर आल्याचा ढीग होता. "कुठलं?" मी विचारलं.

"मूळचं गडमुडशिंगीचं, मावशी. शेकडो वर्षांपूर्वीची देशी जात. ऋषिमुनींच्या काळातली म्हणा की. लोकांनी जपून ठेवली म्हणून टिकली. कुजत न्हाई, आणि चहाला तर असं लागतंय की बास."

"अस्सं!" मी म्हटलं. त्याने अर्धा किलो तोलून दिलं आणि पिशवी माझ्या हातात देताना आवाज जरा खाली आणला.

"नातवंडांस्नी सांगा, मावशी. ही असली चीज लॅबमधी कवा तयार हुत न्हाई."

"सांगते," मी म्हटलं, आणि आणखी अर्धा किलो घेतलं.